वीज आणि उपचारांची आश्वासनं: टाळी किंवा शिवी देण्याआधी करायची तपासणी

ठाण्यातली चौकसभा असो की वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातला मेळावा, दोन वाक्यं हमखास येतात: वीजबिल कमी करू आणि उपचार मोफत करू. मग सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एकाला ही खिरापत वाटते, दुसऱ्याला साहेबांचं काम. वाक्य नेमकं काय होतं हे दोघांनीही धड ऐकलेलं नसतं. ते तपासायला दोन संध्याकाळी पुरतात. जवळ हवं ते एवढंच: शेवटचं वीजबिल, रेशनकार्ड, फोन, आणि पुढे लागला तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

आधी वाक्य उतरवून घ्या, आणि ते कुठे बोललं गेलं तेही

बातमीचा मथळा चालत नाही. भाषणाची चित्रफीत किंवा छापील जाहीरनामा उघडा आणि वाक्य शब्दशः लिहा, कारण सगळी मेख अटीत असते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने वीजबिलात ३० टक्के कपात म्हटलं होतं. महाविकास आघाडीने ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्यांना १०० युनिट माफ आणि २५ लाखांपर्यंतचा आरोग्य विमा म्हटलं होतं. ऐकायला दोन्ही ‘बिल कमी’ आहेत. पण दर महिन्याला ३२० युनिट जाळणाऱ्या घराला पहिल्यात काहीतरी मिळतं, दुसऱ्यात काहीच नाही.

मग वाक्याची पायरी ठरवा. सभेतलं भाषण आणि जाहीरनामा ही सगळ्यात खालची पायरी. तेवढ्यावर कोर्टात जाऊन काही हाती लागत नाही. जाहीरनाम्यातली वचनं ही निवडणूक कायद्याखाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तामिळनाडूच्या खटल्यात सांगितलं आहे. त्याच निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्यांचा वेगळा भाग घातला. वचनामागचं कारण आणि त्यासाठी पैसा कुठून उभा करणार याची ढोबळ दिशा पक्षाने सांगावी, अशी त्यात अपेक्षा आहे. प्रचाराला दारात आलेल्या कार्यकर्त्याला याच दोन गोष्टी विचाराव्यात. बहुतेक वेळा तो वहिनींकडे पाणी मागतो आणि पुढच्या दारी जातो, पण विचारावं.

मंत्र्याने विधानसभेत किंवा परिषदेत उभं राहून दिलेलं आश्वासन हा वेगळा प्रकार. तो कामकाजात छापला जातो आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची स्वतःची आश्वासन समिती असते. म्हणून आमदाराला पत्र लिहिताना ‘भाषणातलं वचन पाळा’ म्हणण्यापेक्षा ‘यावर तारांकित प्रश्न लावा’ (मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न) म्हणणं जास्त कामाचं. त्यावर आलेलं लेखी उत्तर सरकारला चिकटतं.

त्यावरची पायरी शासन निर्णयाची, म्हणजे जीआरची. तो शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून सापडतो. जीआर वाचायची सवय नसेल तर शेवटच्या पानावरून सुरुवात करा. तिथे एक लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले ८ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. ग्रुपवर फिरणारा ‘कालचा जीआर’ दोन वर्षांपूर्वीचा आहे का हे तिथेच कळतं. नंतर त्यात दोन शब्द शोधा: ‘लेखाशीर्ष’ (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) आणि ‘वित्त विभाग’. खर्च अमुक लेखाशीर्षाखाली भागवावा असं लिहिलेलं असेल आणि वित्त विभागाच्या सहमतीचा संदर्भ असेल, तर पैशाची वाट ठरलेली आहे. ‘तत्त्वतः मान्यता’ आणि ‘समिती गठित करण्यात येत आहे’ एवढंच असेल, तर अजून काहीही मिळालेलं नाही.

पुढे मार्चच्या अर्थसंकल्पात ते लेखाशीर्ष उघडून रकाने बघा: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षीचा अर्थसंकल्पीय अंदाज. भाषणात नेहमी तिसरा आकडा येतो. खरं काय झालं ते पहिल्यात असतं.

वीज: बिल पालथं करा

तुमची वीज कोणाची हे आधी बघा. ठाणे शहर आणि नवी मुंबईत महावितरण. कळवा, मुंब्रा, शीळ, दिवा पट्ट्यात बिल टोरंटचं येतं, पण ती महावितरणची फ्रँचायझी आहे, त्यामुळे दर तोच. मीरा रोडच्या मेहुण्याच्या अदानीच्या बिलाशी तुलना करून भांडू नका, तो परवानाच वेगळा आहे.

दर मंत्री ठरवत नाहीत. विद्युत कायदा २००३ प्रमाणे ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. सरकारला एखाद्या गटाला स्वस्त वीज द्यायची असेल तर कलम ६५ लागतं: अनुदानाची रक्कम सरकारने वितरण कंपनीला आगाऊ भरायची. ती भरली नाही तर सवलतीचा निर्देश लागूच होत नाही, आयोगाचा मूळ दर चालू राहतो. ‘बिल कमी करू’ ऐकलं की पहिला प्रश्न हाच ठेवा: आयोगाच्या आदेशाने की कलम ६५ च्या अनुदानाने? दुसरं असेल तर अर्थसंकल्पात आकडा दिसलाच पाहिजे. शेतीपंपांच्या मोफत विजेचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ असा काळ आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे पंप, अशी मर्यादा निर्णयातच लिहिलेली आहे. आश्वासनाला मुदत आणि माप असलं की ते असं दिसतं.

आता बिलावर टक्केवारी लावून बघा. बिलात स्थिर आकार (दर महिन्याचा ठरलेला), वीज आकार (वापरलेल्या युनिटांचा), वहन आकार (वीज तारांतून आणण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारा) अशा ओळी असतात आणि घरगुती ग्राहकाला त्यांवर १६ टक्के वीज शुल्क. हिशोबासाठी गोल आकडे धरू: स्थिर आकार १३०, वीज आकार १,९००, वहन आकार ३५०, इंधन समायोजन १००. बेरीज २,४८०. त्यावर शुल्क ३९६ रुपये ८० पैसे. बिल २,८७६ रुपये ८० पैसे.

‘३० टक्के कपात’ पूर्ण बिलावर असेल तर ८६३ रुपये वाचतात. फक्त वीज आकारावर असेल तर १,९०० चे ५७० आणि त्यावरचं शुल्क ९१ रुपये २० पैसे, मिळून ६६१ रुपये २० पैसे, म्हणजे बिलाच्या २३ टक्के. त्याच महिन्यात इंधन समायोजन २०० रुपयांनी वाढलं तर शुल्कासह २३२ रुपये परत गेले. हातात उरले ४२९, म्हणजे जेमतेम १५ टक्के. नेता खोटं बोलला नाही आणि तुम्हालाही ३० टक्के मिळाले नाहीत. इंधन समायोजनाची ओळ कोणी वाचत नाही, म्हणून निम्मी भांडणं तिथेच होतात.

जून २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पहिल्या वर्षी १० टक्के आणि ५ वर्षांत २६ टक्के दरकपात जाहीर केली, तेव्हा १०० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्यांना सर्वाधिक १० टक्क्यांचा लाभ, असंही सांगितलं होतं. पाचपाखाडीतल्या दोन एसीच्या घराने तो आकडा आपल्या बिलात शोधू नये. दरकपात झाली की नाही हे रुपयांवरून बघायचंच नाही, कारण मे आणि डिसेंबरचा वापर सारखा नसतो. बिलावर टप्प्यांप्रमाणे प्रति युनिट दर दिलेला असतो (०–१००, १०१–३००, ३०१–५००, ५०० च्या वर). मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल काढा आणि टप्प्याला टप्पा लावून प्रति युनिट दर ताडा. वहन आकारही प्रति युनिटच असतो, तो त्यात मिळवा. वीज आकार घटवून वहन आकार वाढवला तर कपात कागदावरच राहते.

‘अमुक युनिटपर्यंत माफ’ या प्रकारात मर्यादेची कडा बघायची. रोज ९ युनिट वापरणाऱ्या घराचे ३० दिवसांचे २७० होतात. रीडिंगवाला ३४ व्या दिवशी आला तर ३०६. मर्यादा ३०० असेल आणि ती दिवसांच्या प्रमाणात वाढत नसेल, तर चार दिवसांच्या उशिरासाठी पूर्ण माफी जाते. म्हणून तीन प्रश्न लेखी विचारा. मर्यादा ओलांडली तर सगळी माफी जाणार की फक्त वरच्या युनिटांना पूर्ण दर? दिवसांचं प्रमाण धरणार का? भाड्याच्या घरात मीटर मालकाच्या नावावर असेल तर लाभ कोणाला?

सौर छत: टॉवरला आणि बैठ्या घराला वेगळा हिशोब

‘३०० युनिट मोफत’ हे केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं वाक्य. योजना फेब्रुवारी २०२४ ची. अनुदान घरासाठी १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार. हाऊसिंग सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळं, सावलीविना छत लागतं आणि वर्षाच्या सरासरीने महिन्याला १०० ते १२० युनिट मिळतात.

कोपरखैरण्यातल्या बैठ्या घराचं छत स्वतःचं असेल तर ३ किलोवॉट बसतं आणि वचन बऱ्यापैकी खरं होतं. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर आधी तिची ताकद बघायची, पावसाळी वाऱ्यात पॅनेल शिडासारखं ओढलं जातं.

घोडबंदर रोडच्या टॉवरचं गणित मात्र तिथेच अडतं. समजा ८८ घरं आणि गच्ची ४,००० चौरस फूट. लिफ्टची खोली, टाक्या, त्यांच्या सावल्या आणि चालायची वाट सोडून निम्मी उरते. त्यावर २० किलोवॉट, म्हणजे महिन्याला सुमारे २,२०० युनिट, घरटी २५. प्रत्येक घराला ३०० द्यायचे तर २६,४०० युनिट, २४० किलोवॉट आणि २४,००० चौरस फूट छत लागेल. म्हणजे आहे त्या गच्चीच्या सहापट. पण तेच २,२०० युनिट लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांच्या सामायिक मीटरला जोडले तर मेंटेनन्समधला मोठा घास कमी होतो, आणि ३ लाख ६० हजार अनुदान वेगळं. सर्वसाधारण सभेत ठराव मांडायचा तर हा मांडा. घरोघरी मोफत विजेचं स्वप्न दाखवलं की ठराव पास होतो आणि वर्षाने सेक्रेटरीला लोक शिव्या घालतात.

कुठे बिनसतं तेही धरून चला. जून ते सप्टेंबर उत्पादन पडतं. नेट मीटरमध्ये (ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज मोजणारं मीटर) जमा झालेले युनिट पुढच्या महिन्यात वापरता येतात, पण आर्थिक वर्षाअखेर खातं मिटवलं जातं. स्थिर आकार कधीच शून्य होत नाही. अनुदानासाठी पॅनेल देशी बनावटीच्या सेलचं लागतं, म्हणून कोटेशन ‘अनुदानासह’ असलं तरी पॅनेलचा प्रकार लिहून घ्या. आणि हायवेलगतच्या इमारतींत धूळ इतकी बसते की पंधरा दिवसांनी धुतलं नाही तर इंजिनिअरने दिलेला आकडा येणारच नाही. गच्चीवर नळ आहे का, एवढी साधी गोष्ट आधी बघा.

आरोग्य: दवाखाना कोणाचा, हे आधी

‘सरकारी रुग्णालयात सगळं मोफत’ या वाक्यात ‘सरकारी’ म्हणजे कोण? ठाण्याचं सिव्हिल राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. वाशी, नेरूळ, ऐरोलीची सार्वजनिक रुग्णालयं नवी मुंबई महापालिकेची. कामगार विम्याची रुग्णालयं आणखी वेगळी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने केसपेपरपासून उपचार मोफत केले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. त्या निर्णयाचं कात्रण घेऊन कळव्याच्या किंवा वाशीच्या खिडकीवर भांडलात तर खिडकीतला माणूस बरोबर ठरतो. तिथले दर महापालिकेच्या ठरावाने ठरतात. म्हणून त्या वचनासाठी नगरसेवक आणि आयुक्तांना धरायचं, आरोग्यमंत्र्यांना नाही.

‘५ लाखांचे उपचार’ हे दुसरं वाक्य. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच दीड लाखाचं होतं. २०२३ मध्ये ते ५ लाख करायचा आणि सगळ्या रेशनकार्डधारकांना, म्हणजे पांढऱ्या कार्डालाही, घ्यायचा निर्णय झाला. अंमल १ जुलै २०२४ पासून. सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वयवंदना कार्ड (केंद्राच्या आरोग्य योजनेचं) मिळतं, ते ऑक्टोबर २०२४ पासून. पण ५ लाख हे कुटुंबाला वर्षाला आहेत, माणशी नाहीत. आणि कवच यादीतल्या उपचारांना, यादीतल्या रुग्णालयात, बहुतेक वेळा दाखल झाल्यावर. साखरेच्या आणि बीपीच्या महिन्याच्या गोळ्या, बाहेरून केलेला एमआरआय, ओपीडीची फी हे खिशातूनच जातं. वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा.

आज कोणी आजारी नसतानाच पुढची तालीम करा. रेशनकार्डवर घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का आणि ते आधारशी अक्षरशः जुळतं का ते बघा. नव्या सूनबाई आणि लहान बाळ यांची नावं राहिलेली असतात. आयत्या वेळी शिधावाटप कार्यालयात नाव चढत नाही. मग १५५३८८ वर फोन करून जवळच्या दोन-तीन रुग्णालयांची चौकशी करा, पण ‘रुग्णालय योजनेत आहे का’ असं विचारू नका. ‘हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आहे का, डायलिसिससाठी आहे का’ असं विचारा. रुग्णालय एका विभागासाठी योजनेत असतं आणि दुसऱ्यासाठी नसतं, आणि दारावरचा फलक हे सांगत नाही.

प्रत्यक्ष दाखल होताना डिपॉझिटच्या खिडकीकडे जाण्याआधी आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाचं, टेबल गाठा. एकदा रोखीचा रुग्ण म्हणून कागद झाला की मागे वळवणं कठीण जातं. रात्रीची आणीबाणी असेल आणि रेशनकार्ड घरी राहिलं असेल तर दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची सोय योजनेत आहे, ती नावानिशी मागा. ‘योजनेचे बेड भरलेत’ असं उत्तर मिळालं तर वाद न घालता वेळ, तारीख आणि बोलणाऱ्याचं पद टिपून तिथूनच हेल्पलाईनला तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. पॅकेजमधल्या स्टेंट किंवा सांध्याऐवजी ‘चांगल्यातला’ घ्या, फरक भरा, असं सुचवलं गेलं तर फरकाचा आकडा लेखी मागायचा. बहुतेक वेळा लेखी म्हटलं की साधा चालतो असं डॉक्टरांनाही आठवतं.

‘नवं ५०० खाटांचं रुग्णालय’ हे वचन असेल तर खाटा मोजू नका. प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश हे बांधकामाचे टप्पे झाले. रुग्णालय चालतं ते पदांवर. पदनिर्मितीचा जीआर निघाला का, मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं किती, रात्री भूलतज्ज्ञ असतो का, सीटी स्कॅन यंत्राचा देखभाल करार कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे चार प्रश्न पुरतात. फीत कापल्यावर वर्षभर वरचे मजले कुलूपबंद राहतात ते बहुधा पदांमुळे.

उत्तर द्यायचं ते कागदावर

आमदार-खासदारांच्या कार्यालयात एका पानाचं पत्र द्या: वचनाचं वाक्य, तारीख, ठिकाण, आणि खाली जास्तीत जास्त तीन प्रश्न. दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का आणि सही घ्या. पोच नसलेलं पत्र दिलं नाही असंच समजलं जातं.

महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, ऑनलाईनही करता येतो. ‘वचन का पाळलं नाही’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘माहिती या व्याख्येत बसत नाही’. कागद मागा. मजकूर असा चालेल:

‘घरगुती वीजग्राहकांना बिलात सवलत देण्याबाबत आपल्या विभागाने दिनांक अमुक ते तमुक या काळात काढलेल्या शासन निर्णयांच्या प्रती द्याव्यात. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६५ खाली वितरण कंपन्यांना आगाऊ दिलेल्या अनुदानाची वर्षनिहाय व लेखाशीर्षनिहाय रक्कम द्यावी. निर्णय झाला नसल्यास प्रस्तावाच्या नस्तीतील टिपणीच्या पानांच्या प्रती द्याव्यात.’

आरोग्यासाठी असाच अर्ज रुग्णालय ज्याचं आहे त्याच्याकडे: कळव्यासाठी ठाणे महापालिका, सिव्हिलसाठी जिल्हा शल्यचिकित्सक. पत्ता चुकला तरी कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे. पण त्यात आठवडे जातात, म्हणून आधीच नीट लिहा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पासह पहिलं अपील. तिथेही निभावलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं, ठाणे जिल्ह्यातल्या कार्यालयांसाठी त्याच्या कोकण खंडपीठाकडे. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, मुदत हुकल्यामुळेही अपिलं पडतात. आणि छायाप्रतीचे पानाला २ रुपये मागणारं पत्र आलं की लगेच भरा. ते भरेपर्यंत ३० दिवसांचं घड्याळ थांबलेलं असतं.